माझ्याकडे येणाऱ्या रेघा

रविवारी सकाळी गोंदियात आम्ही चाळिशी ओलांडलेले काही जण फुटबॉल खेळतो. एका संघात सात जण. मी बचावात, उजव्या बाजूला. यंदा बायको मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेली आणि घरी मी एकटाच उरलो. तेव्हा फोनवर वाचलेली एक पद्धत करून पाहिली. प्रत्येक खेळाडूचा एक ठिपका काढायचा. एकाने दुसऱ्याला पास दिला की दोघांमध्ये रेघ. जितके पास, तितकी रेघ जाड. त्या जाळ्यात संघ एकमेकांशी कसा खेळतो ते दिसतं.

आमचा कप्तान मैदानाच्या कडेला मोबाइल लावून सामने रेकॉर्ड करतो. चार सामन्यांचे व्हिडिओ त्याच्याकडून मागून घेतले. तांदळाच्या गिरणीत धानाचा ओलावा मोजायचं माझं काम. एकदाच मोजलेल्यावर माझा विश्वास बसत नाही. सगळे पास दोनदा मोजले.

चार सामन्यांत माझ्याकडे अकरा पास आले होते. त्यातले आठ गोलकीपरचे. बाकी पाच जणांचे मिळून तीन. सहा वर्षं मी या लोकांबरोबर खेळतोय. तिसऱ्यांदा मोजले. अकराच.

कागद कप्तानाला दाखवला. नुसती आकृती दाखवायची आहे असं स्वतःला सांगितलं होतं, पण ते खरं नव्हतं.

"कायले मोजून राहिले भाऊ तुम्ही?" तो हसला. मग त्याची नजर माझ्या ठिपक्यावर गेली. त्याने कागदाची घडी घातली. "पाहतो मी."

पुढच्या रविवारी पास येऊ लागले. पुढे मोकळा माणूस असला तरी चेंडू माझ्याकडेच.

"घ्या भाऊ."

"भाऊ, आरामात."

आपसांत मात्र नेहमीचंच चाललं होतं.

"अबे, झोपून राहिला का बे?"

"तुझं पोट आडवं येते, त्याले मी काय करू?"

उत्तरार्धात चेंडू माझ्या पायातून निसटला आणि आमच्यावर गोल झाला. मी शिव्यांची वाट पाहत उभा राहिलो.

"होते भाऊ, होते," कप्तान म्हणाला. बाकीचे आपापल्या जागी गेले.

घरी येऊन कप्तानाला मेसेज लिहिला: पुढच्या वेळी आधीसारखंच खेळा. तो पुसला. मी आता येत नाही, असं लिहिलं. तेही पुसलं. शेवटी लिहिलं, आजचा गोल माझ्या चुकीने झाला.

त्याने अंगठा पाठवला.