बगदाद सिस्टरची सही

बगदाद सिस्टर कोणतीही गोष्ट एकदा विचारत नसत. चहा घेणार का, हे त्या तीनदा विचारत आणि तिसऱ्या नकारावरही त्यांचा विश्वास बसत नसे. राजापेठेत दुचाकी दुरुस्तीच्या एका दुकानावर त्यांची खोली होती. खाली गाड्यांचा फटफटाट, शेजारी अकरावीची शिकवणी, आणि मधल्या खोलीत आम्ही नऊ जणी, नर्सिंग पूर्ण करून जर्मनीला निघालेल्या. तिथल्या निर्वासितांच्या वसाहतींतल्या दवाखान्यांत आम्हाला काम मिळणार होतं. वसाहतींत इराकची माणसं पुष्कळ. त्यांच्या चालीरीती, देवधर्म, खाणंपिणं निघण्याआधी समजावं म्हणून दर शनिवारी सिस्टरांचा वर्ग असे.

आम्हाला पाठवणाऱ्या संस्थेने एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका दिली होती. तीत लिहिलं होतं, नकाराचा आदर करा, एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा विचारू नका. सिस्टरांनी ते वाचून पुस्तिका पालथी ठेवली. "हे लिवनारा कधी कोनाच्या घरी जेवाले गेला नसन. इराकी मानूस पयल्या खेपेले नाईच म्हणते. पोटात कावळे कोकलत असले तरी नाईच म्हणते. तुमी तुमच्या मामाच्या घरी पयल्यांदाच हो म्हणता का?" आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. "पन इंजेक्शनले नाई म्हनलं त नाई. चहाले नाई म्हनलं त थांबाचं, आन पुन्हा विचाराचं. या दोन नाईतला फरक ज्या पोरीले समजला नाई, तिनं इथंच राहावं."

त्या वलगावच्या, काळ्या जमिनीच्या शेतकरी घरातल्या. तरुणपणी नर्स म्हणून बगदादच्या इस्पितळात गेल्या आणि युद्ध सुरू झाल्यावर परत आल्या. पुढे जॉर्डनमध्ये, अम्मान शहरात, इराकमधून पळून आलेल्यांसाठी चालवलेल्या एका धर्मादाय दवाखान्यात त्यांनी बरीच वर्षं काढली. सत्तरीला आल्या होत्या. केसांना मेंदी, अंगावर सुती पातळ, आणि मनगटावर नाडी मोजायचं जुनं मोठ्या काट्याचं घड्याळ. अरबी त्या अस्खलित बोलत, पण वलगावच्या सुरात. फोनवर बोलत असल्या की खालचे मेकॅनिक म्हणत, सिस्टर भांडून राहिल्या वाटते कोनाशी.

पहिल्याच दिवशी आमच्यात आडनावं विचारणं सुरू झालं. वऱ्हाडात ओळख म्हणजे आडनाव, आणि आडनाव म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी आडनाव लावत नाही. नावापुढे आईचं नाव, मग बाबांचं. पातूरच्या वैशालीने निरागसपणे विचारलं, "पण मग तुम्ही कोण?" एवढं पुरे होतं. मी उभी राहिले आणि आडनावाआड लपलेल्या जातीवर बोलले. सिस्टरांनी घड्याळाकडे बघत मला चार मिनिटं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "झालं? बस. खरं बोलली, पन लांब बोलली."

आणि त्यांनी अम्मानची गोष्ट सांगितली. दवाखान्यात रांग होती. त्यांनी नेहमीसारखं मोठ्याने एका बापाला मुलाचं पूर्ण नाव विचारलं. तो माणूस उठला, तापाने फणफणलेलं पोर उचललं आणि निघून गेला. पुन्हा आला नाही. नंतर कुणीतरी सांगितलं, त्याच्या गावात रस्त्यावर माणसं अडवून नाव विचारत. नावावरून शिया की सुन्नी ते ओळखत आणि त्याच्या दोन भावांना त्यावरूनच मारलं होतं. "त्या दिवसापासून म्या पोराले घरी काय म्हणते तेवढंच लिवलं. तुमी बी तेवढंच लिवजा. बाकीचं कागद मागन तवा, हळू आवाजात, दार लावून." शिया, सुन्नी, कुर्द, ख्रिस्ती, यझिदी, आणि वाहत्या पाण्यात स्नान केल्याशिवाय ज्यांचा कुठलाच संस्कार होत नाही ते साबी, सगळं त्यांनी आम्हाला शिकवलं. पण प्रत्येक वेळी शेवटी बजावत, "हे तुमाले माहीत असावं म्हनून. विचारासाठी नाई. धर्म विचारू नोका. काय खात नाई ते विचारा."

मला वाटलं, या तर आपल्यातल्याच. तो भ्रम दोन आठवडे टिकला. अकोल्याच्या आमच्या घरात पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी वाचायला शिकले. नवस, मुहूर्त, दृष्ट, बाबा-बुवा, सगळ्यांविरुद्ध बाबांचं एकेक पत्रक होतं आणि मला ती पाठ होती. सिस्टर मात्र अम्मानला रमझानमध्ये रोजेदारापुढे पाणी पीत नसत, ख्रिस्ती बाईच्या उशाशी जपमाळ नीट ठेवत, यझिदी म्हातारीला बुधवारी, तिच्या पवित्र वारी, आंघोळीचा आग्रह करत नसत. मी म्हटलं, हे अज्ञानाला खतपाणी आहे. मी म्हटलं, डोक्यावरून कापड घेणाऱ्या बाईला कुणीतरी सांगायला हवं. सिस्टर सुपारी कातरत होत्या. "सांगजो ना. पन ती तुह्याकडे पोट दुखते म्हनून आली हाय. आधी पोटाचं बोल. मंग ती तुले विचारन, तवा तू डोक्याचं बोल. ती नाई विचारन त तुहं नशीब."

वर्ग पूर्ण झाला की सिस्टर एक शिफारसपत्र लिहून सही करत. त्याशिवाय संस्था पुढचे कागद हलवत नसे. दिवाळीपर्यंत आठ जणींच्या सह्या झाल्या. माझी राहिली. मी जाब विचारायला गेले तेव्हा म्हणाल्या, "अर्धा तास कोनाले न सुधारता बसून दाखव. त्या दिवशी सही करीन."

त्यांनी मला वलगावला भावाच्या घरी दोनदा नेलं. त्यांच्या वहिनी फार प्रेमळ. दुसऱ्या खेपेला ज्वारीची भाकरी वाढता वाढता त्यांनी सांगितलं की गुरुवारी नखं काढली की घरातली बरकत जाते. मी भाकरीकडे बघितलं, ठेच्याकडे बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग त्यांनी शनिवारी तेल विकत का आणू नये ते सांगितलं आणि मी सुरू झाले. परत येताना बसमध्ये सिस्टरांनी घड्याळ दाखवलं. "अकरा मिनिटं. मागच्या बारीले सात होते. सुधारनूक हाय तुह्यात."

सरावासाठी त्या आम्हाला उम्म सलामशी बोलायला लावत. उम्म सलाम म्हणजे सलामची आई. इराकमध्ये बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. अम्मानमधली ही त्यांची मैत्रीण आता मुलासुनेसह जर्मनीत होती. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. त्या रविवारी माझी पाळी होती. उम्म सलामच्या मांडीवर आठ महिन्यांचा नातू होता, यह्या. गालांवर खळ्या, मनगटांना वळ्या. मी पाठ केलेल्या अरबीत म्हटलं, किती सुंदर बाळ, किती गुटगुटीत. आणि थांबले. माझ्या मते वाक्य संपलं होतं.

मागून सून आली. तिचं नाव नूर. तिने बाळ उचललं आणि ती फोनच्या पडद्यावरून बाहेर गेली. सिस्टर माझ्या खांद्यावरून वाकून घाईघाईने म्हणाल्या, "माशाल्ला, माशाल्ला." उशीर झाला होता. उम्म सलामने दोन शब्द बोलून फोन ठेवला.

"काय केलं मी?"

वैशाली माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, बाळाचं कौतुक केलंस आणि तसंच सोडलंस? मी तर आधी कानामागे बोट टेकवलं असतं."

पातूरची, वलगावची, बगदादची, कोणतीही मुलगी ही चूक करणार नाही. ती करायला आमच्यासारख्या घरात वाढावं लागतं. मी जन्मात कुणाला तीट लावलेली जवळून पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी उम्म सलामचा निरोप आला. यह्याला ताप होता. सदऱ्याला निळा मणी टोचला होता, घरात हरमलच्या बिया जाळून धूर केला होता, पण डॉक्टरकडे नेलं नव्हतं. नूरचं म्हणणं, त्या हिंदुस्थानी मुलीची नजर लागली आहे, तिला डॉक्टर काय करणार.

मी पेटले. म्हटलं, याच्याचसाठी बाबा आयुष्यभर लिहीत आले, याच्यापायीच पोरं मरतात, आणि तुम्ही मला गप्प बसायला शिकवता.

सिस्टरांनी चष्मा काढून पदराने पुसला. "नजर लागते का नाई, थे तुह्या बाबाले विचारू. ते खरं सांगतीन. पन नूरले भेव वाटून राहिलं ना? भेव त खरं हाय. आन ते तुह्यामुळं हाय. जोवर भेव हाय तोवर ती दार उघडत नाई, आन दार उघडलं नाई त लेकराले डॉक्टर दिसत नाई."

"मी खोटं बोलणार नाही."

"खोटं कोन बोलाले सांगते? माशाल्ला म्हनजे देवानं देल्लं. आयकनारी त्यातून एवढंच घेते, का या बाईच्या डोयात हाव नाई. तुह्या डोयात हाव हाय का?"

"नाही."

"मंग तिले समजन असं सांग."

शेजारच्या शिकवणीत कुणीतरी सूत्र घोकत होतं. देव मानत नसताना देवाचं नाव घ्यायचं, हे मला अजूनही सहज जमत नाही. पण तो शब्द नूरचा होता. तिच्या दाराची कडी तिच्याच बाजूला होती, आणि आत एक बाळ तापाने तळमळत होतं. मी फोन लावला.

पडद्यावर उम्म सलाम एकटीच आली. मी म्हटलं, "यह्याला माशाल्ला. त्या दिवशी म्हणायचं राहिलं, चूक माझी. तो तुमचा आहे, तुमच्याजवळ सुखाने वाढो." मग तिने सांगायला सुरुवात केली. सलाम लहान असताना शेजारणीची नजर कशी लागली, उम्म सलामची सासू शिसं वितळवून पाण्यात कसं ओतायची, त्यात डोळ्याचा आकार कसा उमटायचा. मी ऐकत राहिले. न समजलेलं सिस्टर सांगत होत्या. मी मध्येच विचारत होते, ताप कधीपासून, दूध किती पितो, लंगोट किती ओले होतात. नूर दारात येऊन उभी राहिलेली मला उशिरा दिसली. तिने एकदम फोन हातात घेतला. "सारखा कानाला हात लावतोय," ती म्हणाली.

"मणी असू दे," मी म्हटलं. "धूर मात्र त्याच्या खोलीत नको, श्वासाला त्रास होईल. आणि आजच, आत्ता, डॉक्टरला कान दाखव. मी फोन चालू ठेवते."

कान आतून सुजला होता. औषध सुरू झालं आणि दोन दिवसांनी फोटो आला. यह्या बाटली दोन्ही हातांत धरून कुणावर तरी चिडला होता. सिस्टरांनी फोटो मोठा करून बघितला आणि ड्रॉवरमधून कागद काढला.

"पण मी धुराबद्दल सुधारलंच की त्यांना," मी म्हटलं.

"थे नर्सचं काम होय. गुरुवारच्या नखाचं नाई." त्यांनी सही केली. वर एकच ओळ होती: या मुलीला राग लवकर येतो, तो येऊ द्यावा, कारण आता ती आधी ऐकते.

अकोल्याला बाबांनी ती ओळ दोनदा वाचली. "तू माशाल्ला म्हणालीस?"

"म्हणाले."

त्यांनी कागदाची घडी घालून तो मला परत दिला. "बाळ बरं आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी जर्मनीला आले त्याला आता वर्ष होईल. पहिल्या सुट्टीच्या रविवारी दोन तासांचा रेल्वेप्रवास करून मी नूरच्या घरी गेले. तिने दार उघडलं, मला नीट बघितलं, आणि यह्याला माझ्या मांडीवर ठेवून स्वयंपाकघरात गेली. तो जड झाला होता. त्याने माझी वेणी ओढली. तिथूनच मी सिस्टरांना फोन केला. मागे राजापेठेतले हॉर्न वाजत होते.

"लेकरू तुह्या मांडीवर देल्लं का तिनं?" त्यांनी विचारलं.

"दिलं."

"मंग मले कायले फोन करतं? त्याच्याकडे पाह्य," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.