करंजाखाली बसून काढलेलं खोटं पान

गेल्या रविवारी सकाळी म्हैसूरच्या एका तळ्याकाठी चक्क रडले... तेही एका पानापायी.

मी साड्यांची डिझाइन्स काढते. आठ महिने मात्र कागदावर एक रेघ मनासारखी उमटत नव्हती, झोपही उडालेली. शहराच्या मेटगळ्ळी ह्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात ऑफिसची नोकरी मिळत होती, सोमवारी होकार कळवायचा होता. म्हटलं, सुटले एकदाची!

तेवढ्यात मैत्रिणीने बळेच त्या तळ्याकाठी चित्रकारांच्या एका शिबिरात नेलं. शिकवणाऱ्या शारदम्मा, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. काम एकच... फोन बंद, एका झाडाखाली तासभर बसायचं आणि समोरचं पान काढायचं.

मला होंगेचं झाड आलं, म्हणजे आपला करंज. दहा मिनिटांत पान काढून मोकळी झाले. वर ऐटीत इतरांचे कागद बघत बसले.

शारदम्मांनी खालचं एक पान उचलून माझ्या कागदाशेजारी ठेवलं. "नोडी, बघा, असं पान ह्या झाडाला कुठे आहे?"

अय्यो! मी काढलं होतं आमच्या घरच्या ठशातलं पान. टोक वळलेलं, दोन्ही बाजूंना मोजून पाच शिरा. आम्ही पिढीजात रंगारी, कापडावर ठसे मारणारे. हाताला तेवढंच येत होतं, डोळ्यांना कुणी विचारलंच नव्हतं... आणि मग रडूच फुटलं.

शारदम्मांनी नवा कागद दिला. पुन्हा बसले. खरं पान किड्यांनी खाल्लेलं, अंगभर पुरळासारख्या गाठी, एक बाजू मोठी. दीड तास लागला. पण कंटाळा मात्र आला नाही.

घरी अप्पांना, म्हणजे वडिलांना दाखवलं. त्यांनी जन्मभर लाकडी ठसे कोरले. चष्मा लावून बराच वेळ बघितलं, म्हणाले, "ह्याचा ठसा नाही व्हायचा गं." आणि कागद परत देईनात! स्वतःच्या उशाशी ठेवून घेतला.

सोमवारी कारखान्यात फोन करून नाही म्हणून सांगितलं. पुढे काय, ते खरंच माहीत नाही, भीतीही वाटते.

इतकी वर्षं झाडं काढली, पण एकाही झाडाकडे नीट बघितलं नाही, ह्याची लाज वाटते. शारदम्मा, त्या दुसऱ्या कागदाबद्दल तुमचे खूप आभार.