बँकेचे साहेब आणि आमच्या बुढीचा खोकला

आता एवढं वय झालं, लपवू तरी काय? एक गाढवपणा असा केला आहे, की तो सांगितल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. ऐका.

ते वर्ष स्वाइन फ्लूचं. ज्याच्या त्याच्या तोंडाला रुमाल! गावात दवाखाना नाही आणि घरात आमच्या बुढीला, म्हणजे बायकोला, दमा. तो उठला की तिला सायकलवर बसवून तालुक्याला, गोरेगावला नेत असे मी.

अशात कळलं, परदेशातली मोठी बँक सरकारला कर्ज देऊन राहिली. त्यातून एक दवाखाना होणार, आमच्या गावात नाहीतर शेजारच्या. आणि शेजारचं गाव कोणाचं? आमच्या नेत्याची सासुरवाडी! आता आमचं काय होणार, तुम्हीच सांगा.

एक दिवस बँकेचे साहेब पाहणीला आले, थेट माझ्या अंगणात. सोबतच्या मॅडमनं विचारलं, "बाबाजी, घरात कोणी आजारी आहे?"

आमच्याकडे रीत अशी, की पाहुणा दोन घास जेवल्याशिवाय त्याच्यापुढे आपलं दुःख काढायचं नाही. मी हात जोडले. "तुमच्या पायगुणानं सगळे मजेत जी!"

तेवढ्यात आत बुढी खोकली.

"कोण खोकलं?"

"तांदूळ पाखडून राहिली जी. कोंडा गेला नाकात."

"आणि गावात?"

"कोणाले शिंकसुद्धा नाही!"

साहेबांनी खुशीनं लिहून घेतलं. म्हटलं, पान वाढलं की सांगतोच सगळं. चुलीवर भात रटरटत होता. पण साहेबांना कुठली सवड? जीप गेलीसुद्धा!

दवाखाना गेला शेजारच्या गावाला. आमचं गाव पेटलं. नेता आला तर सगळ्यांत पुढे मी! जन्मात आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "काऊन जी, सासुरवाडीले नेला न दवाखाना?"

नेता रडकुंडीला आला. "बाबाजी, घरी बायकोची बोलणी खाल्ली, पार मुंबईपर्यंत वजन वापरलं तुमच्या गावासाठी! पण बँकवाले ऐकतच नाहीत. म्हणे, तिथल्या एका बुढ्यानंच सांगतलं, गावात कोणी बिमार नाही. कोण होता जी तो?"

जन्मात एकदा नेत्याचा वशिला आमच्या बाजूनं लागला होता, तो मी एकट्यानं हाणून पाडला!

पुढे दवाखाना उभा राहिला. बुढीला सायकलवर बसवून तिकडेच निघालो. मान खाली घालून पायडल मारत होतो. वाटेत एकानं हटकलं, "कुठं चालले जी?"

बुढीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "यायनं त्या गावाले दवाखाना दान केला न, तोच पाहाले चाललो!"