भाजलेले चिंचोके

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा नाही — तिथं तर मुद्दाम दुसरंच काही मागत बसायची. तुम्ही बसा जरा. सांगते.

तशी गोष्ट लहान आहे. गाडीच्या एसीतून आवाज यायचा, एवढंच. म्हणाल, ही म्हातारी एका आवाजाचं काय घेऊन बसली?

आमचं गाव किल्लारीजवळ. भूकंपात मुकुंदाचे वडील गेले. सात वर्षांचा मुकुंदा आणि मी, दोघंच उरलो. पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो. भांडं वाजलं, लांबून ट्रक गेला, की तो माझं मनगट धरायचा. "आई, कशाचा आवाज?" मी सांगायची, "ट्रक हाय बाळा." "झाकण हाय." आवाजाचं नाव कळलं की मगच मूठ सैल व्हायची. ती खोड त्याची गेलीच नाही. पुढं लातूरला क्लासेस वाढले तसं त्याला घेऊन तिथं आले, क्लासच्या पोरांचे डबे केले, शिकवलं. तो नांदेडला डॉक्टर झाला. पण अजून कुठं काही कुरकुरलं की बोलता बोलता थांबतो.

नवी गाडी घेतल्यावर जुनी त्यानं माझ्या दारात लावली. चालवायला माझी मीच शिकले — मंडईपुरती. एका उन्हाळ्यात एसी लावला की टरटर वाजायला लागलं. फोनवर सहज बोलले, तर मुकुंदा त्याच रविवारी हजर! चार महिन्यांनी. तासभर आम्ही गाडीत बसून ऐकत होतो, दोघं मान वाकडी करून. मग जेवला. दोनदा वरण मागितलं.

सोमवारी गाडी गल्लीच्या तोंडावर हमीदभाईंकडं नेली. लई गुणी मिस्त्री. आधी अवजाराला हात लावायचे नाहीत, डोळे मिटून ऐकायचे. म्हणाले, "आपा, एसी बंद करा. नुसता पंखा राहू द्या." तरी वाजतच होतं. "मग कंप्रेसरला काही झालं न्हाई. एसी बंद केल्यावर आवाज थांबला असता तर घाबरायचं. हे पंख्यात काहीतरी पडलंय." डाव्या बाजूच्या, कागदपत्रं ठेवायच्या खणाखालून पंखा उतरवला, तर आत दारातल्या कडुलिंबाच्या वाळक्या काड्या. समोरच्या काचेखाली वायपरपाशी जाळी असते, तिथून कचरा आत जातो — तेही त्यांनीच दाखवलं. "अब तुम बी मिस्त्री हो गये, आपा," म्हणून हसले.

आवाज गेला. मुकुंदाही गेला. रविवारमागून रविवार — "आई, गडबडीत आहे." सुट्टीत डब्याची पोरंही आपापल्या गावी. घरात कुकरची शिट्टी झाली तरी मला सोबत वाटायची, तुम्हाला खोटं वाटेल.

आता सांगायलाच पाहिजे.

मला चिंचोके चघळायची सवय. भाजून, फोडून, सोलून डबीत ठेवते. त्यातले चार घेतले, अंगणात गेले आणि जाळीतून आत सोडले. एसी लावला. टरटर. मग फोन केला — "मुकुंदा, पुन्हा यायला लागला रे आवाज."

तो आला. येणारच होता. ज्या भीतीनं तो माझं मनगट धरायचा, तिलाच मी हाक मारली होती. आईनं असं करावं?

हमीदभाईंनी चिंचोके काढले. "दारात चिंच हाय का, आपा?" "हाव," म्हटलं. दारात आहे लिंब. आणि भाजलेला, सोललेला चिंचोका कोणत्या झाडावरून पडतो? त्यांनी पंखा पुसून परत बसवला. त्यानंतर पुन्हा तेच केलं. मग पुन्हा.

शेवटच्या वेळी मुकुंदा गॅरेजवर उभा होता. हमीदभाईंनी पंखा उतरवला, चिंचोके तळहातावर घेतले. मुकुंदा भडकला. "पुन्हा तेच? आई एकटी असते बघून तुम्हीच आत टाकता का हे? सारखं गिऱ्हाईक यावं म्हणून?" समोर रस्त्यावर चार माणसं थांबली. हमीदभाईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही हो — आवाज ऐकताना थांबायचे ना, तसे थांबले. हा आवाज कुठून येतो ते त्यांना कधीचंच कळलं होतं. मी सांगते का, तेवढंच बघत होते.

गप्प राहिले असते तरी पाप थोडं झालं असतं. मी बोलले. म्हटलं, "जाऊ दे रे बाळा. गरीब माणूस हाय."

संपलं. त्यांनी मुठीतले चिंचोके माझ्या पिशवीत टाकले आणि हात पुसत आत गेले.

मुकुंदाच्या क्लासमधले निम्मे मित्र आता लातुरात डॉक्टर. सगळ्यांच्या गाड्या हमीदभाईंकडं असायच्या. त्यानं सगळ्यांना कळवलं. वर्षाच्या आत शटर पडलं. आता ते लोह्याला दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला आहेत म्हणे. लोह्याची एसटी आमच्या चौकातूनच जाते. मी तिला हात केलेला नाही.

मागच्या दिवाळीला पाहुण्यांपुढं मुकुंदानं ही गोष्ट रंगवून सांगितली. मिस्त्री कसा सापडला, आई कशी भोळी. सगळे हसले. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आई, माणसांवर लगेच विश्वास ठेवत जाऊ नको."

मी "बरं" म्हटलं, आणि त्याच्या ताटलीत आणखी चिवडा वाढला.