पुढच्या सूचनेपर्यंत

सूचनाकाकांना बसून बोलता येत नसे. चहा हवा असला तरी ते खुर्चीतून उठत, घसा खाकरत, उजव्या हाताची मूठ तोंडासमोर धरत आणि मग म्हणत, "चहा ठेवा हो!" काकू तिथेच, हाताच्या अंतरावर, मेथी निवडत बसलेल्या असत. "अहो, मी इथंच आहे न," त्या म्हणत. "साऱ्या छत्रीबागेला कशाला सांगून राहिलात?" काका ओशाळून मूठ खाली घेत आणि खोलीत एक फेरी मारून पुन्हा बसत. बसले की गुडघा हलू लागे. छत्रीबाग म्हणजे आमची वस्ती, आणि आमचं घर त्यांच्या समोरच. त्यांच्या खिडकीत इकडून तिकडे जाणारा तो उंच, किंचित वाकलेला माणूस बघतच मी मोठी झाले.

असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. गणपतीत आरतीची वेळ तोच सांगतो, जत्रेत हरवलेलं पोर तोच पुकारतो, लग्नात पुढच्या पंगतीला तोच बोलावतो. त्याला या कामावर कुणी नेमलेलं नसतं. माइक दिसला की त्याचे पाय तिकडे वळतात, इतकंच. आमच्या काकांनी मात्र काही वर्षं त्या आवाजावर पोट भरलं, आणि तेही टीव्हीवर. इंदूरच्या केबलवर दर शनिवारी संध्याकाळी 'इनाम की शाम' नावाचा खेळ लाइव्ह लागायचा. त्याचे अनाउन्सर ते, आणि कॅमेऱ्यासमोर नटूनथटून प्रश्न विचारणारी मी.

त्यांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला आठवत नसे. ते कापडमिलच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहिणारे कारकून होते. फाटकावर भोंगा लावलेला होता, त्यावरून पाळीची, पगाराची, सुट्टीची सूचना तेच देत. मिल बंद झाली त्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी एक कागद त्यांच्या हातात कोंबला. काकांनी नेहमीच्या सुरात वाचलं, "सुनिए, सुनिए, सुनिए। मिल अगली सूचना तक बंद रहेगी।" वाचून मागे वळून पाहिलं तर साहेब मागच्या फाटकातून पसार झालेले. लोकांच्या लक्षात राहिला तो काकांचा आवाज. दुसऱ्या दिवसापासून पानाच्या ठेल्यावर, दूध घेताना, देवळाच्या पायरीवर जो तो विचारू लागला, "क्यों भिया, अगली सूचना कब?"

आधी हा चेष्टेचा विषय होता. पुढे पुढे विचारणाऱ्यांचे चेहरे हसेनासे झाले. काका सगळ्यांना एकच उत्तर देत, "आएगी, आएगी। मैं ही बताऊँगा।" हे ते टाळण्यासाठी म्हणत नसत. आपण दिलेली सूचना अर्धीच आहे, उरलेली अर्धी आपल्याकडून यायची आहे, असं त्यांना अगदी मनापासून वाटे. नोकरी गेल्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण हे अर्धवट काम त्यांना बसू देत नव्हतं. काकू म्हणत, "आधीच पायाला भिंगरी, त्यात हे."

त्याच सुमारास गच्च्यागच्च्यांवर तारा दिसू लागल्या, दुकानांतून परदेशी कंपन्यांची यंत्रं येऊन बसली, आणि आमच्या मुकेशभियांनी व्हिडिओ कॅसेटचं दुकान बंद करून केबल सुरू केली. एका धर्मशाळेचा हॉल भाड्यानं घेऊन तिथे खेळाचा स्टुडिओ थाटला. तीन कुटुंबं, सोपे प्रश्न, शेवटी तीन बंद डबे. डब्यात कुकर निघायचा, मिक्सर निघायचा, नाहीतर नुसतीच कोबीची गड्डी. काका पडद्यामागून बक्षिसांचं वर्णन करत. साध्या स्टीलच्या बादलीबद्दल ते असं काही बोलत की हॉलमधल्या बायका पदर सावरून पुढे सरकून बसत.

पडद्यामागेही त्यांचं चालणं सुरूच. माइकची वायर पायात गुंतायची, ते लाथेनं सोडवायचे. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता, त्यामुळे समोर बसलेल्यांना त्याखालून त्यांच्या चपला डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जाताना दिसत. पोरं बक्षिसाकडे बघायचं सोडून चपलांकडे बघत. मुकेशभिया वैतागायचे, "काका, एक जगह खड़े रहो न यार!" काका होकार देत आणि चालू लागत.

दोन गोष्टींवरून मात्र ते मुकेशभियांचंही ऐकत नसत. हरलेल्याला हरला असं ते कधी म्हणाले नाहीत. घंटा वाजली, कोबी निघाली, की ते म्हणत, "कोई बात नहीं। अभी बाकी है।" आणि दुसरी गोष्ट, खेळायला आलेल्यांची ओळख ते मिलच्या खात्यावरून करून देत. "रिंग खाते के फलाने, उनकी श्रीमती जी." मुकेशभिया कपाळाला हात लावायचे. "कौन सा रिंग खाता काका? मिल तो कब की बंद हो गई!" काका तिथल्या तिथे थांबत. त्यांच्या चपला थांबलेल्या मी फक्त तेव्हाच पाहिल्या. "बंद नहीं भिया," ते शांतपणे म्हणत. "अगली सूचना तक बंद."

मग दिल्लीची माणसं आली. म्हणजे आधी त्यांचा फोन आला. एका मोठ्या चॅनेलवर असाच खेळ सुरू व्हायचा होता, कुणीतरी आमची कॅसेट तिथे पोचवली होती आणि त्यांना 'वह परदे के पीछे वाले साहब' हवे होते. एक शनिवार येऊन खेळ बघणार आणि पटलं तर काकांना घेऊन जाणार. त्या बातमीनंतर काकांनी सफारी शिवायला टाकली, प्रवासाला नवा होल्डॉल आणला, आणि खान नदीच्या काठानं रोज सकाळी मूठ तोंडाशी धरून वॉशिंग मशीनचं वर्णन करत चालू लागले. "मंजू," त्यांनी मला विचारलं, "तिथे पडदा जमिनीपर्यंत असेल न? चपला दिसायला नको." इतकं आतुर झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना जायचंच होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे लोकांनी त्यांना साधुसंत करून टाकलं.

आता बाबूभियांबद्दल सांगायला हवं. ते रिंग खात्यातले, म्हणजे सूत कातणारे, आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. मिल बंद झाल्यावरही ते रोज सकाळी डबा हँडलला अडकवून सायकलनं फाटकावर जात, तिथे झाडाखाली डबा खात आणि परत येत. असे जाणारे बरेच होते. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात बाबूभियांना चौकीदारी मिळत होती. ते नाही म्हणाले. मिल उघडली आणि आपण हजर नसलो तर आपलं नाव कटेल, ही भीती. बायको कमलाबाई लोकांकडे पोळ्या लाटायला जायची. बाबूभिया जाता जाता काकांच्या दाराशी सायकलची घंटी दोनदा वाजवत, म्हणजे काही सूचना आहे का. काका खिडकीतून हात हलवत, म्हणजे अजून नाही.

दिल्लीवाले यायच्या आठवड्यात काका स्वतःच सांवेर रोडला गेले. बाबूभियांसाठी ती चौकीदारी अजून मोकळी आहे का, एवढंच विचारायला. वाटेत एका भंगारवाल्याच्या आवारात मिलचे साचे पडलेले त्यांना दिसले. कापड विणायची ती यंत्रं गॅसनं कापून त्यांचे ढीग लावलेले होते, आणि काही तुकड्यांवर खात्याचं नाव रंगवलेलं अजून वाचता येत होतं. काका तिथून थेट मिलच्या ऑफिसात गेले. तिथे उरलेल्या एकुलत्या एका साहेबानं सांगितलं, "मामला कोर्ट में है। आप कुछ मत बोलिए।"

"मग कोण बोलणार?" संध्याकाळी आमच्या ओसरीत फेऱ्या मारत काका मला विचारत होते. "साहेब बोलून नाही राहिले, युनियनवाले बोलून नाही राहिले. तो बाबू रोज डबा घेऊन जाऊन राहिलाय, मंजू. यंत्रंच नाहीत तर उघडेल काय? कप्पाळ?"

मी म्हटलं, "काका, आधी दिल्लीचं होऊ द्या. मग सांगा काय सांगायचं ते." आजही कुणी विचारलं तर मी हाच सल्ला देईन. काका घरी गेले. खिडकीत रात्रभर ते इकडून तिकडे जाताना दिसत राहिले.

शनिवारी दिल्लीचे दोन साहेब मागच्या खुर्च्यांवर कोल्ड्रिंक पीत बसले होते. काका नव्या सफारीत, केसांना तेल लावून. आवाज असा लागला होता की मुकेशभियांनी मला डोळा घातला. आणि शेवटच्या फेरीत आली कमलाबाई. तिनं नाव दिलं होतं ते आम्हाला आयत्या वेळी कळलं. तिच्या नशिबी कोबी आली, वॉशिंग मशीनची चिठ्ठी दुसऱ्या डब्यात होती. घंटा वाजली. मी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कमलाबाई, मशीन निघाली असती तर काय केलं असतं?"

ती हसली. "करती क्या दीदी, बेच देती। मिल खुलने तक घर चल जाता।"

आता पडद्यामागून "अभी बाकी है" यायला हवं होतं. मी वाट पाहिली. चपला थांबलेल्या होत्या. मग पडदा बाजूला झाला आणि काका माइक घेऊन बाहेर आले, कॅमेऱ्यासमोर, माझ्या शेजारी. इंदूरनं त्यांचा चेहरा पडद्यावर पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा.

"सुनिए, सुनिए, सुनिए," ते म्हणाले. तोच फाटकावरचा सूर. "सब पाली के, सब खातों के लोग ध्यान दें। अगली सूचना यह है कि मिल बंद हो गई है। अब नहीं खुलेगी। साँचे कट गए हैं, मैं अपनी आँख से देखकर आया हूँ। कल से कोई फाटक पर न जाए। किसी का नाम नहीं कटेगा, क्योंकि नाम लिखने वाला अब वहाँ कोई नहीं है। जिसको जहाँ काम मिले, पकड़ ले। हम हार गए हैं। सूचना समाप्त।"

मुकेशभियांनी जाहिरात लावेपर्यंत सगळं बोलून झालं होतं. कमलाबाई तोंडात पदर कोंबून रडत होती. दिल्लीच्या साहेबांनी बाटल्या खुर्चीखाली ठेवल्या आणि मुकेशभियांना एवढंच म्हणाले, "लाइव में ऐसा आदमी हम नहीं रख सकते।" त्यांचंही चूक नव्हतं. मला मात्र काकांचा भयंकर राग आला होता. घरी जाताना रिक्षात मी त्यांना म्हटलं, "एक आठवडा थांबला असता तर काय बिघडलं असतं?" ते म्हणाले, "तिला पुन्हा 'अभी बाकी है' कसं म्हणू, सांग न."

दुसऱ्या दिवशी लोक दारावर आले. "तुम कौन होते हो बंद करने वाले?" एकजण ओरडला. कुणीतरी खिडकीवर दगड मारला. काकूंनी काचा गोळा केल्या आणि होल्डॉल माळ्यावर टाकून दिला. बाबूभियांची सायकल आमच्या गल्लीतून जाईनाशी झाली. काका खिडकीत उभे राहून वाट बघायचे. मग एका सकाळी घंटी दोनदा वाजली. बाबूभिया डबा अडकवून चालले होते, पण फाटकाकडे नाही, उलट्या दिशेला, सांवेर रोडकडे. ते थांबले नाहीत. काकांनी हात हलवला तेव्हा ते वळणापलीकडे गेलेले होते.

त्यानंतर काका बसून बोलू लागले. खरं सांगते, मला ते आवडलं नाही. काकू खूश होत्या, घरात शांतता आली म्हणत होत्या. मला मात्र समोरच्या खिडकीची सवय झालेली. मोठ्या चॅनेलवर मोठे खेळ आले, 'इनाम की शाम' कुणी बघेनासं झालं, मी शाळेत शिकवू लागले. काका लग्नात, जत्रेत, आणि सगळ्यात जास्त उठावण्यात माइकवर बोलत राहिले. उठावणा ही खरं तर आपली मराठी माणसांची रीत नव्हे. माणूस गेल्यावर लोक जमतात, थोडा वेळ गप्प बसतात, आणि सूचना झाली की उठून घरी जातात. इंदुरात राहून ती आमचीही झाली. आमच्या भागात ती सूचना नेहमी काका देत.

काका गेले तेव्हा त्यांचा उठावणाही त्याच धर्मशाळेच्या हॉलमध्ये झाला. मिलचे म्हातारे म्हातारे लोक आले होते, दगड मारणारेही त्यांत असतील. भजन झालं, फुलं वाहून झाली. मग सगळे बसून राहिले. बराच वेळ गेला तरी कुणी उठेना. लोक माइककडे बघत होते, माइकशी कुणी नव्हतं, आणि उठायचं कसं ते कुणाला कळत नव्हतं. माझाच गुडघा हलू लागला होता.

बाबूभिया माझ्या मागे भिंतीला टेकून बसले होते. ते वाकून म्हणाले, "मंजू दीदी, आप बोल दो। ये लोग बिना सूचना के नहीं उठेंगे।"

मी उभी राहिले. घसा खाकरला. माइक होता, तरी उजवी मूठ तोंडासमोर आली. "सुनिए, सुनिए, सुनिए," मी म्हटलं, आणि पुढचं काही केल्या तोंडातून निघेना. कोई बात नहीं, अभी बाकी है, असं म्हणून सुटता आलं असतं. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मानेनंच 'सांग' म्हटलं.

"काका गेले आहेत," मी म्हटलं. "वे अब नहीं आएँगे। आप सब अपने-अपने घर जाएँ।"

आधी बाबूभिया उठले. मग सगळे.