तिसऱ्या मजल्यावरचं कुलूप

माझा मामा कुलपांचा कारागीर. किल्ल्या घासून त्याच्या बोटांना पितळेचा वास लागलाय, तो साबणानेही जात नाही. बत्तीस वर्षं त्याने एक नियम पाळला. शेजारी साक्षीला उभा असल्याशिवाय बंद घराच्या कुलपाला हात लावायचा नाही. पण या बत्तीस वर्षांत त्याला कुणी साधं ‘वा’ म्हटलं नव्हतं. कुलूप उघडलं की लोक आत धावतात, कारागिराकडे कोण बघतंय?

एका माणसाने मात्र बघितलं. आधी एका किल्लीची नक्कल करायला आला, मग रोजच येऊन स्टुलावर बसू लागला.

“मास्तर, तुमच्या बोटांना डोळे आहेत.”

मामीने दुकानामागच्या घरातून आवाज दिला, “अहो, आज चहात साखर घालत नाही. पाहुण्यांनी पुरेशी घातलीय.”

“तुला माझं कौतुक सोसत नाही,” मामा पुटपुटला.

“सोसतं की. पण हरभऱ्याच्या झाडावर चढलात, तर उतरवायला शिडी नाही माझ्याकडे.”

पाचव्या दुपारी तो धापा टाकत आला. “मास्तर, घराची किल्ली हरवली. बाजारातल्या दोघांनी हात टेकले. म्हणतात, हे कुलूप उघडणारा एकच माणूस आहे.”

“कोण?” मामाने विचारलं. त्याला उत्तर ठाऊक होतं, फक्त ऐकायचं होतं.

तिसऱ्या मजल्यावर मामा शेजारची बेल दाबायला वळला, तेव्हा त्या माणसाने त्याचा हात धरला. “साक्षीदार भुरट्यांना लागतात. तुमच्यासारख्या कलावंताने साक्ष काढायची?”

मामा लाजून हसला. चार मिनिटांत कुलूप उघडलं.

तो माणूस आत शिरला आणि दिव्याचं बटण भलत्याच भिंतीवर चाचपू लागला. दाराशी वीतभर लांबीच्या लाल चपला होत्या.

“हे घर तुमचं नाही.”

“बायको तर माझी आहे ना? लेकीला घेऊन पळालीय. येऊ दे आज, पायच मोडतो.”

आतून कडी लागली. मामाने दार बडवलं, शेजारच्या बेला वाजवल्या. सगळे कामावर गेलेले. चौकीला फोन केला, तर उत्तर आलं, “नवरा-बायकोचं ना? घरात मिटवा.”

मग मामा खाली फाटकात उभा राहिला. तिचा चेहरा त्याला माहीत नव्हता. माहीत होतं ते फक्त एका पोरीच्या पावलाचं माप. लहान मुलगी घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला तो अडवू लागला.

“ताई, तिसरा मजला का?”

एकीने त्याला निर्लज्ज म्हटलं. एकीने चप्पल उगारली. तो हलला नाही.

पाचच्या सुमाराला एक बाई थबकली. “का? काय झालं?”

“वर जाऊ नका. तुमचा नवरा आत बसलाय.”

तिने लेकीचा हात घट्ट धरला. “दार कुणी उघडलं?”

मामाला खोटं बोलता आलं असतं. “मी,” तो म्हणाला.

ती चिडली नाही. “हे घर शोधायला मला आठ महिने लागले,” ती म्हणाली, आणि आली तशी वळली. अंगावरचे कपडे आणि पोरीचं दप्तर, एवढंच बरोबर.

मामा मागे धावला. “ताई, माझ्या घरी चला, दुकानाच्या मागेच आहे. माझी बायको आहे घरी.”

“तुमचं दुकान त्याला माहितीय,” ती न थांबता म्हणाली. “माझ्या मागे येऊ नका.”

मामा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. ती कुठल्या वळणावर वळली, तेही त्याने बघितलं नाही. मुद्दामच.