हातभर, नाहीतर गावाबाहेर

आमच्या शेजारच्या ताई बोलता बोलता मधेच थांबायच्या, हळूच आपल्या खांद्याकडे बोट न्यायच्या आणि तिथे बसलेली मधमाशी बोटावर घेऊन आपल्याला दाखवायच्या. आपण किंचाळायच्या बेतात, आणि त्या मात्र शांत. "अंगावर आलेली नाही ती, अंगावर बसलीये. फरक आहे," असं म्हणून माशी सोडून द्यायच्या आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण करायच्या.

सदाशिव पेठेतल्या आमच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर त्यांच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या होत्या. पेट्यांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. भोवती तुळस, सब्जा, झेंडू आणि एका जुन्या पिंपात वाढवलेला शेवगा. तुम्ही म्हणाल, भर पेठेत मधमाश्या? आम्हीही तेच म्हणालो होतो. रीतसर मीटिंग बोलावली. ताई आल्या, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चावल्या तर मला सांगा. नाही चावल्या तरी सांगा, मी त्यांना निरोप देते." झालं, संपली मीटिंग!

चैत्र लागला की त्यांच्या अंगात यायचं. पिंपातल्या शेवग्याची निम्मी फुलं माश्यांना आणि निम्मी भाजीला, अशी त्यांची वाटणी असे. आंबेडाळ करायच्या तर सगळ्या इमारतीला पुरेल एवढी, आणि प्रत्येक वाटीखाली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर त्यांची कविता. एकदा लिहिलं होतं,

"डाळ वाटली, कैरी किसली,
मोहरी तेलात जाऊन हसली."

आता याला कविता म्हणायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा. आमचे हे तर म्हणायचे, "डाळ उत्तम आहे, चिठ्ठी वेगळी ठेव." पण पुढे फोडणी करताना मोहरी तडतडली की मला हटकून तीच ओळ आठवायची. कविता मोठ्यानं वाचून दाखवा म्हटलं, तर ताई मान हलवायच्या. "वाचायला दिलीये ना? मग वाच."

त्यांचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. पण आम्ही त्यांना कधी एकटं वाटू दिलं नाही हो. सणाला एक दिवस त्यांचं पान वेगळं मांडलं गेलं असेल तर शपथ. सत्तावीस वर्षं अशी काढली. त्या आमच्याच होत्या, यात कुणाला शंकाच नव्हती.

मग इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. दोन-अडीच वर्षं सगळ्यांनी भाड्यानं राहायचं. आम्ही शनिवार पेठेत, दहा मिनिटांच्या अंतरावर, जागा शोधली. शेजारचीच खोली ताईंसाठी धरून ठेवली, वर गच्चीसुद्धा होती. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना सांगायला गेले. त्या तेव्हा पेटीतली पोळ्याची चौकट उन्हाकडे धरून बघत होत्या.

"मी खराडीला चालले," त्या म्हणाल्या.

खराडीला! अहो, ही बाई लकडी पुलापलीकडे जायचं तर बरोबर पाण्याची बाटली घ्यायची. कोथरूडला लग्न असलं तर "मुक्काम करावा लागेल का?" असं विचारायची. आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, खराडीला? जिथे नुसत्या कंपन्या आणि काचेच्या इमारती? मला वाटलं थट्टा आहे. पण त्यांनी जागा बघून, ठरवूनसुद्धा टाकली होती. "पण का?" मी विचारलं.

"माश्यांचं तसं असतं," त्यांनी समजावलं. "पेटी हलवायची तर हातभर सरकवा, नाहीतर पार गावाबाहेर न्या. इथून शनिवारात नेली तर चरायला बाहेर पडतील आणि ओळखीचा रस्ता दिसला की इथेच परत येतील. इथे काय असणार? राडारोडा. त्याच्यावर घिरट्या घालून घालून मरतील."

पेठेत चार दिवस दुसरा विषय नव्हता. "माश्यांसाठी बाई खराडीला निघाली!" कुणी वेड्यात काढलं, कुणी कौतुक केलं. मी कौतुक करणाऱ्यांत होते. निघायच्या दिवशी तिन्हीसांजेला माश्या पेटीत परतल्यावर त्यांनी दारांना जाळ्या लावल्या, टेम्पोत पेट्या चढवल्या आणि स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. आम्ही सगळ्या रडत होतो. त्या ड्रायव्हरला सांगत होत्या, "खड्डा दिसला की आधी मला सांगायचं."

यंदा पाडव्याच्या आसपास नव्या घरांच्या किल्ल्या मिळायच्या होत्या. म्हटलं, आपण स्वतः जाऊन ताईंना घेऊन येऊ. दोन बस बदलून खराडीला पोचले. उंच उंच इमारतींच्या मधे एका मूळच्या शेतकरी कुटुंबाचं जुनं आवार अजून शिल्लक आहे, त्यातली मागची दोन खोल्यांची जागा त्यांनी घेतलेली. शेवगा इथे पिंपात नव्हता, चांगला कौलांच्या वर गेला होता. घरमालकीण अंगणात मिरच्या वाळत घालत होती.

"मावशी मागं हायेत, माशांत. येतील, बसा की," ती म्हणाली. मग कौतुकानं कुंपणापाशी एक तिसरी पेटी दाखवली. "ही आमची. हितंच पलीकडच्या मळ्यातलं पोळं धरून पेटीत घातलं मावशींनी. पर लगेच न्हाई आणली. आधी म्हैनाभर माज्या म्हायेरी वाघोलीला ठिवली, मंग हितं. म्हैन्याभरात माशा जुनी जागा इसरत्यात म्हनं."

मी मान डोलावली. आणि मग डोलावता डोलावता थांबले. महिनाभर लांब ठेवायची, मग जवळ आणायची. एवढंच? मग आमच्या वेळी...?

ताई आल्या. मला बघून खूप आनंदल्या, गालावरून हात फिरवला. शेवग्याच्या फुलांची भाजी चुलीवर होती, त्यात भिजवलेली मूगडाळ घातली, ताट वाढायला घेतलं. मला राहवेना.

"ताई, पेट्या महिनाभर लांब ठेवल्या असत्या, तर तुम्हाला शनिवारात येता आलं असतं."

"आलं असतं की."

"मग?"

"यायचं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि भाजीवर खोबरं पेरलं.

"म्हणजे माश्यांचा काही संबंधच नव्हता?"

"संबंध कसा नाही? नुसतं 'मला जायचंय' म्हटलं असतं, तर सोडलं असतंत का तुम्ही मला?"

नसतं सोडलं. मी तर दारात आडवी पडले असते. पण हे कळायला मला वेळ लागला. तेव्हा मी फक्त एवढंच म्हणू शकले, "आम्ही काय कमी केलं हो तुम्हाला?"

"कमी? अगं, काहीच कमी नाही केलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायचात माझ्या. कमी झाल्या की दारात हजर, 'ताई, आज भात नाही लावला?' दुपारी डोळा लागला की कडी वाजवायचात, बाई आहे का गेली बघायला. सगळं प्रेमानं, मला कळत नाही का? म्हणून तर तोंड उघडता येईना."

"आमचा कंटाळा आला होता तुम्हाला?"

"हो." मग ताट पुढे सरकवत म्हणाल्या, "आठवणही येते. दोन्ही खरं आहे. जेव आता, पोळी गार होतेय."

जेवले मी. भाजी काय सुंदर झाली होती! राग गेला नव्हता, आणि तरी दोनदा वाढून घेतली. नव्या घराचं विचारलं, तर म्हणाल्या, भाड्यानं देणार. "कुणी नोकरी करणारं जोडपं येईल. त्यांच्या शिट्ट्या मोजू नका."

निघताना फाटकापर्यंत सोडायला आल्या. "सांगून ये," म्हणाल्या. आमच्यात कधी कुणी कुणाला सांगून गेलं होतं? मी मान हलवली आणि चालू लागले. डोळे भरून आले होते, समोरचं धड दिसत नव्हतं. कोपऱ्यावर कुंपणाशी रुमाल शोधायला थांबले, तेव्हा मागून गाणं आलं. आधी वाटलं घरमालकीण असेल. पण नाही. ताई शेवग्याखाली डोक्यावर जाळीची टोपी चढवत होत्या, आणि मोकळ्या गळ्यानं, बेसूर, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं गात होत्या,

"शेवगा फुलला दारात गं,
माश्या आल्या भरात गं,
मीच एकटी घरात गं!"

हे ऐकून आमच्या इमारतीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले असते. त्या मात्र शेवटच्या ओळीला टाळी वाजवत होत्या, आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा घेत होत्या. सत्तावीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, आणि ही बाई गाते हे मला माहीतच नव्हतं. केवढा मोठा आवाज होता हो त्यांचा!